शेंगदाण्यातलं तेल कागदाला कसं कळतं?

अन्नघटक ओळखायच्या प्रयोगांत पिष्टमय पदार्थांचा थाट वेगळाच असतो. बटाट्याच्या कापावर आयोडीनचा थेंब पडला की काप निळा-काळा होतो आणि सगळा वर्ग पुढे सरसावतो. प्रथिनांसाठी मोरचुदाचं पाणी आणि कॉस्टिक सोडा लागतो. परीक्षानळीत जांभळी छटा आली की मुलं खूश. मेदाची पाळी आली की मात्र बाई पिशवीतून कागदाचा कपटा काढतात. शेंगदाणा चिरडा, कागदावर घासा, उजेडाकडे धरा. डाग पडला? लिहा: ‘तेलकट डाग पडला, म्हणून या पदार्थात मेद आहे.’ पाच मिनिटांत वही बंद.

माझ्या मते या तिन्हींत जास्त शिकवून जाते ती ही कागदाचीच चाचणी. कारण ती सहज फसते, आणि का फसते हे शोधायला लागलो की मेद म्हणजे नेमकं काय, याच्याजवळ आपण आपोआप जाऊन पोचतो. तिला एक तास द्यावा, शक्य असेल तर दोन.

आधी कागद. पांढरा, बिनरेघी, साधा. झेरॉक्सचा कागद उत्तम. मासिकाचं गुळगुळीत पान घेऊ नये, त्यावर पांढऱ्या मातीचा लेप असतो आणि तेल आत मुरत नाही. वर्तमानपत्र तर नकोच. त्याच्या शाईतच तेल असतं. कागदावर पेन्सिलीनं चौकोन आखून प्रत्येकात नाव घालायचं: शेंगदाणा, सुकं खोबरं, तीळ, कच्चा बटाटा, भात, केळं, हरभऱ्याची डाळ, बिस्किट, वेफर. याशिवाय आणखी तीन चौकोन ठेवायचे. एकात नुसत्या पाण्याचा थेंब, एकात गोडेतेलाचा थेंब, आणि एक अगदी कोरा. या तीन चौकोनांना पाठ्यपुस्तकांत फारसा मान नसतो, पण खरा प्रयोग त्यांच्यामुळेच उभा राहतो. बाकीच्या डागांना ‘तेलासारखा’ किंवा ‘पाण्यासारखा’ म्हणायचं, तर तेलाचा आणि पाण्याचा डाग शेजारी हवाच.

पदार्थ स्वच्छ खलबत्त्यात किंवा चमच्याच्या पाठीनं चिरडायचा, चौकोनात घासायचा आणि चोथा झटकून टाकायचा. दर वेळी खलबत्ता साबणानं धुऊन कोरडा करायचा, नाहीतर तिळानंतर कुटलेल्या भातातही तेल सापडतं. आणि हात! डोक्याला चापून तेल लावून आलेला मुलगा कागद हाताळतो तेव्हा कोऱ्या चौकोनातही त्याच्या अंगठ्याची खूण उमटते. तेल न लावलेल्या हातांनाही त्वचेचा स्वतःचा तेलकटपणा असतोच. कागद कडेनं धरायला सांगावं.

आता थांबायचं. मुलांना हेच जमत नाही. ती कागद लगेच खिडकीपाशी नेतात आणि ओरडतात, ‘सर, केळ्यात मेद आहे! बटाट्यात पण आहे!’ दिसतं तसं खरंच. ओला कागदही उजेड पलीकडे जाऊ देतो. म्हणून कागद पंख्याखाली किंवा उन्हात अर्धा तास ठेवायचा. मग केळ्याचा चौकोन कोरडा, थोडा सुरकुतलेला आणि अपारदर्शक होतो. शेंगदाण्याचा मात्र तसाच राहतो, उलट कडेनं जरा पसरलेला दिसतो. पाणी उडून जातं, खाद्यतेल खोलीच्या तापमानाला उडत नाही. चाचणीचा अर्धा निकाल या अर्ध्या तासातच लागतो.

पण तेल लागल्यावर कागदातून उजेड पलीकडे का दिसू लागतो? कागद म्हणजे वनस्पतींच्या तंतूंची दाट गुंतवळ. तंतू स्वतः जवळजवळ रंगहीन आणि बरेचसे पारदर्शक असतात, पण त्यांच्या मध्ये सगळीकडे हवा भरलेली असते. प्रकाशाचा किरण तंतूतून हवेत, हवेतून पुढच्या तंतूत असा जातो आणि प्रत्येक वेशीवर थोडा वळतो, थोडा मागे फिरतो. अशा हजारो वेशी ओलांडताना तो इतका विखुरतो की बहुतेक प्रकाश आला त्याच बाजूला परततो, आणि कागद आपल्याला पांढरा दिसतो. जत्रेतला बर्फाचा गोळा असाच असतो: किसलेला बर्फ पांढराशुभ्र, पण वरून सरबत ओतलं की हवेची जागा भरते आणि तोच बर्फ काचेसारखा होतो. तेल कागदात हेच करतं.

यात आकड्यांची एक गंमत आहे. पदार्थ प्रकाशाला किती वळवतो, हे अपवर्तनांकावरून कळतं. हवेचा अपवर्तनांक जवळजवळ १, पाण्याचा १.३३, खाद्यतेलाचा साधारण १.४७ आणि कागदाच्या तंतूंचा दीडच्या आसपास. म्हणजे तेल आणि तंतू यांच्यातला फरक अगदीच किरकोळ. तेलातून तंतूत शिरताना प्रकाशाला फारसं वळावं लागत नाही आणि तो सरळ पलीकडे निघतो. पाण्यानंही फरक कमी होतो, पण इतका नाही. म्हणूनच ओल्या डागापेक्षा तेलाचा डाग जास्त आरपार दिसतो. दोन्ही थेंब ताजे असतानाच खिडकीशी धरून पाहिले, तर नुसत्या डोळ्यांनाही हा फरक कळतो.

तेलाचा डाग खिडकीसमोर धरला की उजळ दिसतो. तोच कागद टेबलावर काळ्या पुठ्ठ्यावर ठेवून पाहिला की डाग भोवतालच्या कागदापेक्षा काळपट दिसतो. साहजिकच आहे: जो प्रकाश पलीकडे गेला, तो आपल्याकडे परत येणार नाही. एवढ्याशा गोष्टीवर जर्मन रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट बुन्सेन यांनी १८४०च्या दशकात एक उपकरण बेतलं. कागदावर तेलकट ठिपका, कागदाच्या दोन बाजूंना दोन दिवे. दिवे पुढेमागे सरकवत न्यायचे. दोन्ही बाजूंनी सारखाच प्रकाश पडला की ठिपका भोवतीच्या कागदात मिसळून जवळजवळ नाहीसा होतो, आणि मग दोन्ही अंतरं मोजून कुठल्या दिव्याचा उजेड किती हे काढता येतं. प्रयोगशाळेतल्या ज्या बर्नरला मुलं बुन्सेन बर्नर म्हणतात, तेच हे बुन्सेन. वडापावच्या कागदावरच्या डागातून प्रकाशमापक निघतो, हे मुलांना सांगण्यासारखं आहे. दोन मेणबत्त्यांवर करून दाखवता आलं तर उत्तम.

आता चाचणीला जरा छळू. संत्र्याची साल कागदाजवळ दुमडून दाबली की बारीक फवारा उडतो आणि कागदावर आरपार ठिपके पडतात. संत्र्यात मेद? तो कागद गरम पाण्याच्या भांड्याला बाहेरून चिकटवून ठेवला की थोड्या वेळात ठिपके नाहीसे होतात आणि खोलीभर वास दरवळतो. सालीतलं तेल सुगंधी आणि उडनशील. त्याची घडण आहारातल्या मेदापेक्षा अगदी वेगळी. लवंगेच्या तेलाचंही तसंच, फक्त ते उडायला जास्त वेळ घेतं. याउलट मेणबत्तीचं मेण आणि पेट्रोलियम जेली यांचे डाग कितीही तापवले तरी जात नाहीत. ते खाण्याचे पदार्थ नाहीत, त्यांच्यात मेदाचा रेणूही नाही, पण कागदाला त्याच्याशी देणंघेणं नसतं. कागद इतकंच सांगतो की तंतूंमधली हवा हटवून कुणीतरी न उडणारं इथं येऊन बसलं आहे.

उलट्या बाजूनंही तो फसतो. कोकणात कोकमाच्या बियांपासून काढलेलं तेल, ज्याला मुठेल म्हणतात, ते घट्ट गोळ्याच्या रूपात मिळतं. थंडीत तो गोळा कागदावर घासला तर पांढरट खडूसारखी रेघ उमटते, डाग नाहीच. कागद किंचित गरम केला की ती रेघ वितळून आत शिरते आणि झकास डाग पडतो. खोबरेल तेल साधारण २४ अंशांखाली गोठतं, त्यामुळे डिसेंबरात नाशिक-नागपूरकडच्या शाळांत सकाळच्या पहिल्या तासाला त्याचाही हाच प्रकार. वनस्पती तूप, लोणी, सुकं खोबरं या सगळ्यांना थोडी ऊब द्यावी लागते. वाळवायला कागद उन्हात ठेवला तर हे काम आपसूक होतं.

बाजरीच्या पिठाची तऱ्हा आणखी वेगळी. ते कागदावर घासलं तर काहीच दिसत नाही, आणि मुलं लिहून मोकळी होतात: मेद नाही. बाजरीत शंभर ग्रॅममागे सुमारे पाच ग्रॅम मेद असतो, ज्वारीच्या दुपटीहून जास्त. घरोघरच्या बायकांना हे वेगळ्या वाटेनं माहीत आहे: बाजरी थोडी थोडीच दळून आणतात, कारण तिचं पीठ चार-आठ दिवसांत कडवट होतं. दळताना दाण्यातला मेद आणि त्याला फोडणारं विकर एकमेकांना भेटतात, वर हवाही लागते, आणि चव बिघडते. मेद आहे, पण थोडा आहे आणि पिठाच्या कणाकणात अडकलेला आहे. कागदापर्यंत पोचेल इतका सुटा नाही. शेंगदाणा भाजून कुटला की तेल लवकर सुटतं आणि डाग ठसठशीत येतो, तेही याच कारणानं. अडकलेल्या मेदाला बाहेर ओढायचं तर कागद पुरा पडत नाही, स्पिरिट लागतं.

या दुसऱ्या चाचणीला पायसाची चाचणी म्हणतात. दोन चमचे कोरडा, बारीक कुटलेला पदार्थ परीक्षानळीत घ्यायचा, त्यावर पाचेक मिलिलिटर स्पिरिट, म्हणजे ९५ टक्क्यांच्या आसपासचं इथेनॉल, घालून नळीला बूच लावून मिनिटभर चांगलं हलवायचं. मग नळी स्टँडमध्ये उभी ठेवून चोथा खाली बसू द्यायचा. वरचं नितळ द्रावण दुसऱ्या नळीतल्या तितक्याच पाण्यात अलगद ओतायचं. शेंगदाण्याचं द्रावण पाण्याला टेकलं रे टेकलं की पांढरा धूर पसरावा तसं पाणी दुधाळ होतं. मघाशी रंग नाही म्हणून हिरमुसलेली मुलं इथे नक्की पुढे येतात.

आत काय घडतं? मेद इथेनॉलमध्ये थोडाफार विरघळतो, पाण्यात विरघळत नाही. इथेनॉल आणि पाणी मात्र एकमेकांत पूर्ण मिसळतात. स्पिरिट पाण्यात पडताच ते पाण्याशी एकरूप होतं आणि त्यानं सोबत आणलेला मेद एकदम उघडा पडतो. त्याला विरघळून राहायला जागा उरत नाही, म्हणून तो जागच्या जागी अतिसूक्ष्म थेंबांच्या रूपानं बाहेर येतो. असे असंख्य थेंब प्रकाश विखुरतात आणि पाणी पांढरं दिसतं. म्हणजे कागदावर मेदानं पांढरेपणा घालवला आणि इथे त्यानंच पांढरेपणा आणला. प्रकाशाचं विखुरणं दोन्हीकडे एकच. पदार्थ कोरडा घ्यायचा तोही याचसाठी. ओला असेल तर त्यातलं पाणी पहिल्याच नळीत स्पिरिटला पातळ करतं आणि मेद त्यात शिरायलाच मागत नाही.

इथेही शेजारी दोन नळ्या हव्यातच: एकीत नुसतं स्पिरिट पाण्यात ओतलेलं, जे नितळ राहायला हवं, दुसरीत तेलाचा एक थेंब स्पिरिटात हलवून मग पाण्यात. नळीमागे छापील कागद धरला की दुधाळपणाची ढोबळ मोजदादही होते. बाजरीच्या नळीतून अक्षरं अंधूक दिसतात, तांदळाच्या नळीतून स्वच्छ, तिळाच्या नळीतून बहुधा दिसतच नाहीत. भंडारा-गोंदियाकडच्या किंवा कोकणातल्या शाळांनी गिरणीतून ताजा तांदळाचा कोंडा आणून पाहावा. पॉलिश केलेल्या तांदळात शंभर ग्रॅममागे जेमतेम अर्धा ग्रॅम मेद, पण त्याच दाण्यावरून निघालेला कोंडा नळीला दुधाळ करतो. दुकानात राईस ब्रॅन नावानं जे तेल मिळतं, ते ह्या कोंड्याचंच.

हीदेखील फसते, आणि फसवणारा पदार्थ अंडं आहे. कच्च्या अंड्याचा पांढरा भाग स्पिरिटात घातला की लगेच पांढरे गोळे होतात. मुलं टाळ्या पिटतात, पण अंड्याच्या पांढऱ्यात मेद जवळजवळ नसतोच. स्पिरिटनं तिथलं प्रथिन गोठवलं, इतकंच. गोळे आणि दुधाळपणा यांत फरक करायला शिकवावं: गोळे खाली बसतात किंवा गाळणकागदावर अडकतात, दुधाळपणा गाळूनही खाली येतो. बलकाचं उलट. उकडलेला, चुरून वाळवलेला बलक घेतला तर दाट दुधाळ पाणी मिळतं, कारण बलकात पंचवीस-तीस टक्के मेद असतो.

दूध तर या चाचणीसाठी घेऊच नये. ते मुळात पांढरं, त्यात स्पिरिट पडलं की फाटतं, आणि त्यातलं पाणी सगळा हिशेब बिघडवतं. शिवाय दुधाचा पांढरा रंग मेदाचा पुरावा नाही. साय पूर्ण काढलेलं दूधही पांढरंच असतं, ते त्यातल्या केसीन या प्रथिनाच्या कणांमुळे. दुधाचंच काही दाखवायचं असेल तर दोन दूध पावडरी आणाव्यात, एक साय काढलेल्या दुधाची आणि एक पूर्ण दुधाची, आणि दोन्ही शेजारी शेजारी तपासाव्यात.

स्पिरिटबद्दल इथेच सांगून टाकतो. त्याची वाफ साध्या खोलीच्या तापमानालाही पेट घेते, त्यामुळे ज्या टेबलावर ही चाचणी चालू आहे तिथे स्पिरिटचा दिवा, बर्नर, काडेपेटी काहीही नको. द्रावण कोमट करायचं असेल तर बाहेर तापवून आणलेलं गरम पाणी वापरावं. दिव्यात जाळायचं निळसर स्पिरिट बहुधा विषारी मिथेनॉल घातलेलं असतं. प्रयोगाला ते चालतं, पण उघड्या हातांना नको आणि नाकाजवळ तर नकोच. हात धुवायच्या सॅनिटायझरनं काम भागेल असं वाटतं, पण त्यात घट्टपणासाठी घातलेली रसायनं आणि ग्लिसरीन असल्यानं निकालावर भरवसा ठेवता येत नाही. आणि प्रयोगशाळेत आलेला शेंगदाणा पुन्हा खाण्यात जाऊ देऊ नये. कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का, हेही आधी विचारावं.

तिसरी चाचणी रंगाची: सुदान-३ नावाचा लाल रंग. तो पाण्यात विरघळत नाही, मेदात विरघळतो. नळीत पाणी आणि तेल घेऊन त्यात या रंगाच्या द्रावणाचे दोन-तीन थेंब टाकून हलवलं आणि नळी उभी ठेवली, की वर तरंगणारा तेलाचा थर लालबुंद आणि खालचं पाणी स्वच्छ. तेल वर का? त्याची घनता पाण्याहून कमी, साधारण ०.९२. देखावा छान, पण नळीपेक्षा सूक्ष्मदर्शकाखाली सुदान जास्त दाखवतो. भिजवलेल्या शेंगदाण्याची ब्लेडनं पातळ पापडी काढायची, काही मिनिटं रंगात बुडवायची, पाणी घातलेल्या स्पिरिटनं जादा रंग धुऊन काढायचा आणि ग्लिसरीनच्या थेंबात काचपट्टीवर ठेवायची. पेशीपेशीत नारिंगी-लाल गोल थेंब दिसतात. बाजरीच्या पिठात जो मेद ‘अडकलेला’ म्हटला, तो म्हणजे काय हे इथे डोळ्यांनी दिसतं: प्रत्येक पेशीचा स्वतःचा साठा, भोवती भिंत. खलबत्ता काय करतो, तर ही भिंत फोडतो.

सुदानही मेदाचाच असा इमानदार नाही. पानाच्या वरच्या मेणचट आवरणालाही तो रंगवतो. आणि हा रंग पोटात जाण्यासारखा नाही. याच्याच कुळातला सुदान-१ हा रंग लाल तिखटात मिसळलेला २००३ साली युरोपात सापडला आणि भारतातून जाणाऱ्या मिरचीच्या मालाची तपासणी कडक झाली. तिखटाला तकाकी यावी, फोडणीच्या तेलाला लाल तवंग यावा, यासाठी भेसळ करणाऱ्याला तेलात विरघळणारा लाल रंगच उपयोगी पडणार. अन्नात तो घालायला बंदी आहे.

मग ‘हा मेदच’ असं छातीठोक सांगणारी चाचणी आहे का? बारावीच्या रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकात ती आहे. तिच्यामागे एका फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाचं काम आहे. मिशेल शव्ह्रल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला चरबी आणि साबण यांचा वर्षानुवर्षं अभ्यास करून दाखवलं की मेद म्हणजे ग्लिसरॉल आणि मेदाम्लं यांची जोडणी आहे. १८२३ साली त्यांचा ग्रंथ आला. तेव्हा ग्लिसरॉलचा पुरावा सापडला की मेद सापडला. तेलाचे थोडे थेंब पोटॅशियम बायसल्फेटच्या स्फटिकांबरोबर कोरड्या नळीत तापवले, की ग्लिसरॉलमधून पाणी निघून जातं आणि ॲक्रोलीन नावाचा वायू बाहेर पडतो. कढईत तेल करपल्यावर नाका-डोळ्यांत जो ठसका जातो, त्यात हाच असतो. मेण किंवा पेट्रोलियम जेली तापवली तर ॲक्रोलीन येत नाही, कारण त्यांच्यात ग्लिसरॉल नाही. कागदाला, स्पिरिटला आणि सुदानला जे वेगळं करता आलं नाही, ते इथे एका वासावर होतं. पण वायू विषारी आहे. शिक्षकानं, खिडक्या उघड्या ठेवून, अगदी थोड्या प्रमाणात करून दाखवायची ही चाचणी आहे. सातवीच्या मुलांच्या हाती द्यायची नाही.

या सगळ्यांतून ‘आहे की नाही’ कळतं. ‘किती’ हा प्रश्न वेगळा, आणि मुलांना तोच जास्त आवडतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यांत शंभर ग्रॅममागे सुक्या खोबऱ्यात सुमारे ६२ ग्रॅम मेद आहे, तिळात ४३, शेंगदाण्यात ४०, सोयाबीनमध्ये १९-२०, हरभऱ्याच्या डाळीत साडेपाच, बटाट्यात ०.१. त्याच बटाट्याचा वेफर झाला की मेद तिसऱ्या हिश्शाच्या आसपास जातो. तो सगळा कढईतून आलेला. बिस्किटाचा डाग पाहून मुलं चकित होतात, कारण बिस्किट हाताला कोरडं लागतं. ज्या घरी चकली होते तिथे हे आश्चर्य नसतं. मोहन घातल्याशिवाय खुसखुशीतपणा येत नाही, हे तिथे माहीत असतं, आणि बिस्किटाच्या कारखान्यातही वेगळं काही चालत नाही.

मेद काटेकोर मोजण्याची खरी प्रयोगशाळा मात्र आपल्या गावांत डेअरीवर आहे. ‘आज फॅट किती लागली?’ हा सवाल सकाळ-संध्याकाळ तिथे ऐकू येतो. स्वित्झर्लंडच्या निकलाउस गर्बर यांनी १८९०च्या सुमारास काढलेली पद्धत आपल्याकडे गावोगाव रुळली. मानेवर आकडे कोरलेल्या खास काचनळीत, म्हणजे ब्युटिरोमीटरमध्ये, आधी १० मिलिलिटर तीव्र सल्फ्युरिक ॲसिड, त्यावर कडेनं हळूहळू १०.७५ मिलिलिटर दूध, मग १ मिलिलिटर अमाइल अल्कोहोल. बूच लावून हलवलं की नळी चटका बसेल इतकी तापते आणि द्रावण तपकिरी होतं. ॲसिड दुधातली प्रथिनं विरघळवतं, मेदाच्या प्रत्येक थेंबाभोवतीचं प्रथिनांचं आवरणही त्यात जातं. उघडे पडलेले थेंब एकमेकांत मिसळतात. अमाइल अल्कोहोलमुळे त्यांचा थर स्वच्छ वेगळा होतो. नळी यंत्रात मिनिटाला सुमारे ११०० फेऱ्यांनी फिरवली की जड द्रावण बाहेरच्या टोकाला, हलका मेद मानेत. ६५ अंशांच्या पाण्यात ठेवून पिवळसर पारदर्शक थराची उंची वाचायची: गाईच्या दुधाला साडेतीन-चार, म्हशीच्या दुधाला सहा-सात. आवरण काढणं, मेदाला वेगळा करणं, घनतेनं वर आणणं. आधीच्या सगळ्या चाचण्यांत जे तुकड्या-तुकड्यांनी झालं, ते इथे एका नळीत सलग होतं, आणि दशांश चिन्हानंतरच्या एका आकड्यावर दुधाचा भाव ठरतो.

आता बहुतेक संकलन केंद्रांवर बटण दाबताच फॅट आणि एसएनएफ (म्हणजे दुधातले मेद सोडून बाकीचे घनपदार्थ) सांगणारी यंत्रं आली आहेत. अनेक ठिकाणी गर्बरच्या नळ्या कपाटात पडून आहेत. मुलांनी त्या तीव्र ॲसिडला हात लावायचा प्रश्नच नाही, पण सकाळचं संकलन आटोपल्यावर डेअरीच्या माणसानं एक नळी करून दाखवली आणि सातवीच्या वर्गानं दोन हात लांब उभं राहून पाहिली, तर त्यासाठी शाळेला एक रुपयाही लागत नाही. विज्ञानाच्या शिक्षकांनी गावातल्या डेअरीत एकदा विचारून पाहावं.